चाकांखालची जमीन

पुण्याच्या पेठांमधून फिरताना जुन्या वाड्यांच्या आणि नव्या इमारतींच्या फाटकांवर एक पाटी हमखास दिसते : 'गेटसमोर गाडी लावू नये, हवा सोडण्यात येईल.' पाटी लावणाऱ्याचा त्रास खरा असतो. सकाळी सातला मुलीला शाळेत सोडायचे असते आणि फाटकात कुणाची तरी मोटार आडवी उभी असते. मालकाचा पत्ता नाही, फोन नंबर नाही, आजूबाजूचे दुकानदार मान हलवतात. चार वेळा असे झाले की पाचव्या वेळी माणूस पाटी रंगवून आणतो.

त्या एका ओळीत दोन दावे आहेत. माझ्या फाटकासमोर गाडी लावू नये, हा पहिला दावा पूर्णपणे कायद्याला धरून आहे. लावली तर हवा सोडीन, या दुसऱ्या दाव्याला कायद्यात कुठेही आधार नाही. रस्त्यावरच्या गाडीवर कारवाई करण्याचा अधिकार पोलिसांचा आहे. उलट कुणाच्या टायरची हवा सोडली, व्हॉल्व्ह खराब झाला, तर तक्रार पाटी लावणाऱ्यावरच होऊ शकते.

निवासी भागातली पार्किंगची बहुतेक भांडणे याच गोंधळातून होतात. आपला हक्क कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे कुणालाच नीट माहीत नसते. ते समजून घ्यायचे तर एक साधा प्रश्न हाताशी ठेवावा : गाडीच्या चाकांखालची जमीन कोणाची आहे? ती रस्त्याची असेल तर एक नियम, सोसायटीच्या आवाराची असेल तर दुसरा आणि करारनाम्याने विकत घेतलेली असेल तर तिसरा. या प्रकरणात आपण रस्त्यावरून आवारात आणि आवारातून करारनाम्यात, या क्रमाने जाणार आहोत.

एका मोटारीची खोली

आधी थोडे मोजमाप. महाराष्ट्रात मुंबईबाहेरच्या बहुतेक शहरांना 2020 ची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यात मोटारीच्या एका जागेचे माप अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब असे धरले आहे. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, सुमारे 135 चौरस फूट. ही झाली नुसती गाडी उभी राहण्याची जागा. ती वळवायला, मागे घ्यायला, बाहेर काढायला जो मोकळा रस्ता लागतो तोही मोजला, तर नगररचनाकार उघड्या वाहनतळात एका मोटारीमागे साधारण 23 चौरस मीटर, स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या खांबांमधल्या मोकळ्या तळमजल्यावर, 28 आणि तळघरात 32 चौरस मीटर धरतात. 23 चौरस मीटर म्हणजे जवळजवळ 250 चौरस फूट.

हा आकडा मुंबईच्या संदर्भात पाहिला की त्याचे वजन कळते. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींमधली खोली 160 चौरस फुटांची. तेवढ्यात तीन-तीन पिढ्यांचे संसार झाले, बाळंतपणे झाली, मुले दहावीच्या परीक्षेला बसली. मोकळ्या वाहनतळात एक मोटार त्या खोलीहून जास्त जमीन अडवते. शिवाय रोज तासभर चालणारी गाडी उरलेले तेवीस तास एका जागी उभी असते. आपण तिला वाहन म्हणतो, पण आयुष्याचा बहुतेक काळ ती जागा धरून बसलेली वस्तू असते.

ही जागा फुकट मिळते तेव्हा तिची किंमत नाहीशी होत नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून जाते. अमेरिकेतले नगररचनेचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी 2005 साली 'द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग' या ग्रंथात हेच सविस्तर मांडले. त्यानंतर वर्षभराने, 2006 मध्ये, भारत सरकारचे राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण आले. शहरातली जमीन मौल्यवान आहे आणि पार्किंगच्या शुल्कात ती किंमत दिसली पाहिजे, असे ते धोरणही सांगते. गल्लीत फुकट उभ्या राहणाऱ्या मोटारीची किंमत बसने जाणारी बाई, सायकलवरचा मुलगा आणि पदपथ अडल्यामुळे रस्त्यावरून चालणारे आजोबा चुकवत असतात.

घरासमोरचा रस्ता

'माझ्या घरासमोरची जागा' हे शब्द आपण सहज वापरतो. त्या भरात घरासमोर रस्त्यावर कुंड्या मांडल्या जातात, दगड ठेवले जातात, दोन खांबांमध्ये साखळी बांधली जाते. पण फाटकाबाहेरचा रस्ता सार्वजनिक असतो. त्यावर जागा राखून ठेवण्याचा अधिकार समोर राहणाऱ्याला नसतो, आणि त्या कुंड्या, ते दगड कायद्याच्या नजरेत अतिक्रमण ठरतात. शेजाऱ्याचा पाहुणा नियमानुसार तिथे गाडी लावत असेल, तर त्याला हाकलता येत नाही.

मग रस्त्यावर गाडी लावायची कुठे, हे कोण ठरवते? मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 117 नुसार ते काम राज्य शासनाचे किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याचे आहे आणि त्यात स्थानिक संस्थेचा सल्ला घ्यायचा असतो. शहरांमध्ये वाहतूक पोलीस अधिसूचना काढतात आणि पाट्या लागतात. पुण्याच्या अरुंद रस्त्यांवरची पी-1, पी-2 ही पद्धत त्यातूनच आली. विषम तारखेला एका बाजूला आणि सम तारखेला दुसऱ्या बाजूला गाड्या लावायच्या. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या तर मधून रिक्षाही जाणार नाही अशा रस्त्यांवर ही साधी युक्ती अनेक वर्षे काम करत आली आहे, आणि दोन्ही बाजूंच्या दुकानदारांना व रहिवाशांना तिचा भार सारखा वाटून येतो.

पाटी असो वा नसो, काही जागा कायमच्या बंद आहेत. 2017 च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार पदपथावर, पादचारी मार्गावर, चौकाच्या तोंडाशी, उभ्या गाडीला समांतर दुसऱ्या रांगेत किंवा एखाद्या मिळकतीच्या प्रवेशद्वारासमोर गाडी लावता येत नाही. पेठेतल्या पाटीचा पहिला अर्धा भाग खरा ठरतो तो इथे. फाटक अडवणे हा पाटी नसतानाही नियमभंग आहे.

आता पाटीचा दुसरा अर्धा भाग. मोटार वाहन कायद्याच्या कलम 127 नुसार एखादे वाहन सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ बेवारस उभे असेल, किंवा मनाई असलेल्या जागी लावलेले असेल, तर ते उचलून नेण्याचा किंवा त्याला जॅमर लावण्याचा आदेश गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. हे काम टोइंग करणाऱ्या कंत्राटदाराच्या पोरांनी आपल्या मर्जीने करायचे नसते आणि फाटकाच्या मालकानेही करायचे नसते. वाहतूक पोलिसांच्या हेल्पलाइनला फोन करणे, गाडीच्या नंबरप्लेटसह फोटो काढून तक्रार करणे, हा रस्ता थोडा संथ आहे, पण आपल्या बाजूचा आहे.

रस्ता अडवण्याकडे कायदा आता पूर्वीपेक्षा कडकपणे पाहतो. जुन्या भारतीय दंड संहितेत सार्वजनिक मार्गात अडथळा आणल्याबद्दल जास्तीत जास्त 200 रुपये दंड होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 मध्ये ही मर्यादा 5,000 रुपये झाली आहे. मुंबई महापालिकेने तर जुलै 2019 मध्ये सार्वजनिक वाहनतळांपासून 500 मीटरच्या आत बेकायदा उभ्या केलेल्या मोटारीला 10,000 आणि दुचाकीला 5,000 रुपये दंड जाहीर केला. त्यावरून मोठा गदारोळ झाला. मला त्या दंडामागचे तत्त्व पटते : जवळच जागा उपलब्ध असताना रस्ता अडवणाऱ्याला तो परवडता कामा नये. मात्र जिथे वाहनतळच नाही तिथे नुसता दंड वाढवून गाड्या हवेत विरत नाहीत. त्या पुढच्या गल्लीत जातात.

दहिसरच्या 25 जागा

आता फाटकाच्या आत येऊ. महाराष्ट्रातल्या प्रत्येक सदनिकाधारकाला ठाऊक असावा असा एक खटला दहिसर पूर्वेच्या आनंदनगरमधला आहे. तिथल्या 'पांचाली' इमारतीत 56 सदनिका होत्या आणि खाली स्टिल्टमध्ये 25 गाड्यांच्या जागा. सदनिका विकल्या गेल्या, रहिवाशांची सहकारी सोसायटी स्थापन झाली. बिल्डर कंपनी, नहालचंद लालूचंद प्रायव्हेट लिमिटेड, न्यायालयात गेली. स्टिल्टमधल्या त्या जागा आपण विकलेल्याच नाहीत, म्हणून त्या आपल्याच मालकीच्या आहेत, असे तिचे म्हणणे होते.

प्रकरण दिवाणी न्यायालयातून उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेले. 31 ऑगस्ट 2010 रोजी न्या. आर. एम. लोढा आणि न्या. ए. के. पटनाईक यांच्या खंडपीठाने बिल्डरचे अपील फेटाळले. त्यांची कारणमीमांसा सामान्य माणसाला समजेल इतकी सरळ आहे. महाराष्ट्रातला मालकी हक्काच्या सदनिकांचा 1963 चा कायदा, ज्याला आपण मोफा म्हणतो, बिल्डरला सदनिका विकण्याचा हक्क देतो. स्टिल्टमधली, चारही बाजूंनी उघडी असलेली जागा स्वतंत्र सदनिकाही होत नाही आणि गॅरेजही होत नाही. ती इमारतीचा सामायिक भाग आहे आणि सदनिकांच्या किमतीत तिची किंमत आलेलीच असते. एकदा किंमत घेतलेली वस्तू पुन्हा वेगळी विकता येत नाही.

या निकालाने हजारो सोसायट्यांच्या आवाराकडे पाहण्याची दृष्टी बदलली. खांबांवर उभ्या असलेल्या इमारतीच्या पोटातली ती सावली सर्वांची आहे, हे न्यायालयाने स्पष्ट शब्दांत सांगितले.

रेरानंतरचा करारनामा

2016 मध्ये केंद्राचा स्थावर संपदा कायदा, म्हणजे रेरा, आला आणि चित्र थोडे बदलले. हा बदल न समजल्यामुळे आज अनेक सोसायट्यांत दोन गट पडतात. एक म्हणतो, 'पार्किंग विकताच येत नाही.' दुसरा म्हणतो, 'मी पैसे मोजलेत.' दोघेही अर्धे बरोबर असू शकतात.

रेराच्या व्याख्येत उघडे पार्किंग सामायिक क्षेत्रात मोडते. त्यामुळे आकाशाखालची जागा बिल्डरने पैसे घेऊन विकणे किंवा वाटणे चालत नाही. गॅरेज म्हणजे डोक्यावर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा. ती विकता येते. या दोहोंच्या मध्ये येते आच्छादित पार्किंग : तळघरातले, स्टिल्टमधले, पोडियमवरचे किंवा यांत्रिक पद्धतीचे. महाराष्ट्राच्या 2017 च्या रेरा नियमांनी त्याची वेगळी व्याख्या केली आणि नमुना करारनाम्यात त्यासाठी जागा ठेवली. म्हणून आज घर घेताना पहिला प्रश्न असा विचारावा : मला जी जागा दाखवली जात आहे, ती मंजूर नकाशावर आच्छादित म्हणून आहे की उघडी म्हणून?

जागा कागदावर मिळाली तरी प्रत्यक्षात ती वापरता येईलच असे नाही. ताबा घेतल्यावर कळते की खांबामुळे गाडीचे दार उघडत नाही, तुळई खाली आल्यामुळे उंच गाडी आत जात नाही, किंवा एकावर एक गाड्या ठेवणाऱ्या स्टॅकमधली वरची पातळी आपली असल्यामुळे खालच्या शेजाऱ्याची गाडी हलेपर्यंत आपल्याला निघता येत नाही. अशा तक्रारी वाढल्यावर राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, एप्रिल 2024 मध्ये आदेश काढला. वाटपपत्राला आणि करारनाम्याला पार्किंगचे जोडपत्र लावणे आता बंधनकारक आहे, आणि त्यात जागेचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि इमारतीतले नेमके ठिकाण लिहावे लागते. सही करण्यापूर्वी टेप घेऊन तेवढी जागा जमिनीवर मोजून पाहावी. ज्या घरासाठी वीस वर्षे हप्ते भरायचे, त्यासाठी हा अर्धा तास जास्त नाही.

वाटप कसे करायचे

करारनाम्याने कुणाची न झालेली प्रत्येक जागा सोसायटीच्या हातात येते. तिचे काय करायचे, हे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये लिहिलेले आहे. पण पोथी कपाटात असते आणि वाद जिन्यात होतो, म्हणून गाभा इथे सांगतो.

ज्याच्याकडे वाहन आहे तो सदस्य जागेला पात्र. साधारणपणे एका सदस्याला एकच जागा. सगळ्यांना एक-एक देऊन उरल्या, तर दुसरी देता येते, पण ती वर्षाच्या बोलीवर. दुसऱ्या कुणाला पहिली जागा हवी झाली की त्याचा विचार आधी होतो. सोसायटीने वाटलेली जागा सदस्याला विकता येत नाही किंवा परस्पर दुसऱ्याला देता येत नाही. शुल्क सर्वसाधारण सभा ठरवते आणि जागा नावावर असेपर्यंत, गाडी तिथे उभी असो वा नसो, ते भरावे लागते. दुचाकींसाठीही नियम आणि शुल्क असते. आणि जागांपेक्षा पात्र सदस्य जास्त झाले, तर चिठ्ठ्या टाकून वाटप करायचे.

मी काही वर्षे आमच्या सोसायटीच्या व्यवस्थापक समितीत होतो. तिथे मला सर्वांत कठीण गेले ते मोकळ्या जागेचे रक्षण. 'इथे अजून एक गाडी मावेल' असे म्हणणारे खूप असतात. फाटकाशेजारचा कोपरा, लिफ्टसमोरची पट्टी, पाण्याच्या टाकीवरचे झाकण, सगळीकडे गाडी मावते. एका रात्री वरच्या मजल्यावरच्या काकांच्या छातीत दुखू लागले. रुग्णवाहिका फाटकापर्यंत आली आणि तिथेच थांबली, कारण वळणावर दोन मोटारी लागलेल्या होत्या. काकांना खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी रस्त्यापर्यंत नेले. ते वाचले. पण त्या साठ-सत्तर पावलांत मला जे कळले ते कुठल्या उपविधीने शिकवले नव्हते : रिकामी दिसणारी जागा रिकामी नसते. ती रुग्णवाहिकेसाठी, अग्निशमन दलाच्या बंबासाठी राखलेली असते, आणि ज्या रात्री तिची गरज पडते त्या रात्री गाड्या हलवायला वेळ नसतो. उंच इमारतींभोवती बंब फिरण्यासाठी सहा मीटरचा मार्ग ठेवायला लावतात तो याच कारणाने. पांढरे पट्टे मारताना आधी हा मार्ग आखावा आणि उरलेल्या जागेत गाड्यांचे क्रमांक लिहावेत.

वाद मिटलाच नाही, तर त्याचीही वाट ठरलेली आहे. सोसायटी आणि सदस्य यांच्यातला वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात जातो. समिती उपविधी पाळत नसेल तर उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. बिल्डरने करारनाम्यातले पार्किंग दिले नाही तर महारेरा. चुकीच्या दारात अर्ज दिला की वर्षे जातात, म्हणून दार आधी ओळखावे.

धूळ खात उभ्या गाड्या

जवळपास प्रत्येक आवारात एक तरी अशी गाडी असते, जिच्या टायरांत हवा नाही आणि काचेवर बोटाने कुणी तरी नाव लिहिले आहे. जिन्याखाली वडिलांची स्कूटर असते. वडील गेले, मुलगा परदेशी आहे, आणि ती विकायचा विषय काढायला कुणाला धीर होत नाही. त्या स्कूटरमागे एक घर असते, हे विसरू नये. तरीही सामायिक जागेचा उपयोग कायमच्या साठवणीसाठी करता येत नाही.

इथे एक बारकावा आहे. दहा तासांचे कलम 127 सार्वजनिक जागेला लागू होते आणि सोसायटीचे बंदिस्त आवार त्यात सहज बसत नाही. म्हणून समितीने भंगारवाल्याला परस्पर बोलावू नये. आधी मालकाला लेखी नोटीस द्यावी, मग विषय सभेपुढे आणावा. मालक सापडतच नसेल, तर क्रमांक देऊन पोलिसांना कळवावे, कारण गाडी चोरीचीही असू शकते. मालक सापडला तर त्याला मदतच करावी. खासगी वाहनाची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे ती दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. जुने वाहन नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिले तर ठेव प्रमाणपत्र मिळते आणि नवे वाहन घेताना करात सवलत घेता येते. आरटीओत नोंदणी रद्द करून घेणेही विसरू नये, नाहीतर कागदावर ती गाडी मालकाच्या नावावर चालतच राहते.

आधी जागा, मग गाडी

ऑगस्ट 2021 मध्ये पार्किंगच्या नियमांवरील एका जनहित याचिकेच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयाने एक मूलभूत मुद्दा काढला : एकच सदनिका असलेल्या कुटुंबाला चार-पाच गाड्या घेऊ द्याव्यात का? आणि 2025 मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी जाहीर केले, की पार्किंगच्या जागेचा पुरावा असल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी होऊ नये अशी शासनाची भूमिका आहे.

जपानने हा मार्ग 1962 च्या कायद्याने धरला. तिथे मोटारीची नोंदणी करताना गाडी ठेवण्याची जागा असल्याचा पोलिसांचा दाखला लागतो आणि ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते. रस्त्यावर एकाच ठिकाणी बारा तास, आणि रात्री आठ तास गाडी ठेवणे बेकायदा आहे. त्यामुळे तिथल्या गल्ल्या अरुंद असूनही मोकळ्या राहतात, कारण रस्त्याला कुणाचे रात्रीचे गॅरेज होऊ दिलेले नाही.

आपल्याकडे हे जमवायचे तर खोट्या दाखल्यांचा बाजार रोखावा लागेल आणि जुन्या चाळी-वाड्यांतल्या, ज्यांच्या इमारतीला आवारच नाही अशा लोकांसाठी वाजवी दराचे वाहनतळ आणि वेळेवर येणारी बस द्यावी लागेल. तरीही दिशा योग्य आहे असे मला मनापासून वाटते. लग्न ठरवताना आपण नव्या सुनेला कुठली खोली द्यायची याचा विचार आधी करतो. अडीचशे चौरस फूट जमीन मागणारी वस्तू घरी आणताना तेवढाच विचार व्हायला हवा.

दरवर्षी आमच्या सभेत चिठ्ठ्या टाकतो, तेव्हा स्टीलच्या डब्यात घड्या घातलेले कागद असतात आणि ते काढायला पहिलीतली कुठली तरी मुलगी बोलावलेली असते. सभागृहात त्या वेळी जी शांतता असते ती एरवी कधी नसते. मागच्या वर्षी ज्याला लिफ्टजवळची जागा मिळाली होती, त्याला या वर्षी कोपऱ्यातली येते. कुणाचे नावच निघत नाही. तो थोडा खट्टू होतो, पण उठून भांडत नाही, कारण डब्यात आपलीही चिठ्ठी होती हे त्याने पाहिलेले असते. पुढच्या वर्षी डबा पुन्हा रिकामा करून सगळ्यांच्या चिठ्ठ्या पुन्हा घालायच्या असतात. जमीन सर्वांची असते, तेव्हा ती अशीच, एका वर्षापुरती वापरायला मिळते.